परमवीर चक्राच्या रचनाकार सावित्रीबाई खानोलकर

नवी दिल्लीतील आर. के. पुरम ही प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून ओळखली जाते. या वसाहतीतील एका रस्त्यास मेजर सोमनाथ मार्ग असे नाव देण्यात आले आहे. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च युद्धकालीन शौर्य पुरस्काराचे, म्हणजेच परमवीर चक्राचे, पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. याच वसाहतीतील वेस्ट ब्लॉकच्या इमारतींतून लष्कराच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेची काही कार्यालये अनेक वर्षे काम करत आली आहेत. परमवीर चक्राचा आराखडा तयार करून घेण्याचे काम १९४७ नंतरच्या काळात ज्या अधिकाऱ्यावर सोपविण्यात आले होते, ते मेजर जनरल हिरालाल अटल हे या पदावरील पहिले भारतीय अधिकारी होते.

मेजर शर्मा यांचे नाव रस्त्याला आहे, शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही आहे. ज्या व्यक्तीने हे पदक कागदावर रेखाटले, तिचे नाव मात्र सर्वसामान्यांना फारसे ठाऊक नाही. ही व्यक्ती म्हणजे सावित्रीबाई विक्रम खानोलकर. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये झाला, वडील हंगेरियन होते आणि आई रशियन. विवाहाने त्या मराठी झाल्या. भारतीय सैनिकाच्या छातीवर रुळणाऱ्या सर्वोच्च सन्मानचिन्हाला त्यांनी दधीची ऋषींच्या कथेचा आधार दिला.

न्यूशातेल आणि जीनिव्हा

सावित्रीबाईंचे मूळ नाव ईव्ह इव्हॉन मादाय दे मारोस असे होते. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी त्यांचा जन्म झाला. वडील आंद्रे दे मादाय हे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जीनिव्हा विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्थापन झालेल्या राष्ट्रसंघात त्यांनी ग्रंथपाल म्हणून काम केले. आई मार्था हेंट्झेल्ट या जीनिव्हातील जाँ जाक रुसो यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत अध्यापिका होत्या.

ईव्हचे बालपण साहजिकच पुस्तकांच्या सहवासात गेले. वडिलांच्या ग्रंथालयात जगभरातील देशांविषयीची पुस्तके येत. त्यांतून भारताचा इतिहास, धर्म आणि पुराणकथा यांच्याशी तिचा परिचय झाला. पूर्वेकडील संस्कृतींविषयी त्या काळी युरोपात मोठे कुतूहल होते. अनेकांचे कुतूहल वाचनापुरतेच राहिले. ईव्हच्या बाबतीत मात्र पुढील आयुष्याची दिशाच या वाचनाने ठरविली.

शामोनी ते लखनौ

१९२९ मध्ये ईव्ह अवघी सोळा वर्षांची असताना फ्रान्समधील शामोनी या हिमक्रीडांच्या ठिकाणी तिची एका भारतीय तरुणाशी ओळख झाली. विक्रम रामजी खानोलकर असे त्याचे नाव. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात तो प्रशिक्षण घेत होता आणि सुटीत आल्प्स पर्वताच्या परिसरात आला होता. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळील खानोली या गावावरून आलेले आहे. मराठी वाचकांना ते आरती प्रभू, अर्थात चिं. त्र्यं. खानोलकर, यांच्यामुळे चांगलेच परिचित आहे.

या ओळखीचे रूपांतर स्नेहात आणि पुढे विवाहाच्या निर्णयात झाले. दोघांच्या वयातील अंतर, देश, धर्म आणि भाषा यांतील भिन्नता पाहता ईव्हच्या वडिलांना हा निर्णय पसंत नव्हता. विक्रम प्रशिक्षण पूर्ण करून मायदेशी परतले, तरी ईव्हने आपला निश्चय सोडला नाही. काही वर्षांनी ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौ येथे दोघांचा विवाह झाला. ईव्हने हिंदू धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव धारण केले. तेव्हा तिचे वय एकोणीस वर्षांच्या आसपास होते.

हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९३२ साली देशात सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात अधिकारपदावर पोहोचलेले भारतीय मोजकेच होते. छावणीतील क्लब, भोजनगृहे आणि मेजवान्या यांवर इंग्रज अधिकारी व त्यांच्या कुटुंबीयांचा प्रभाव असे. अशा वातावरणात युरोपात जन्मलेल्या तरुणीला गोऱ्या समाजात मिसळून राहणे सोपे होते. सावित्रीबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. त्या साडी नेसू लागल्या, त्यांनी मांसाहार सोडला आणि मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या. संगीत, नृत्य आणि चित्रकला या भारतीय कलांचेही त्यांनी शिक्षण घेतले. आपण भारतीयच आहोत आणि चुकून युरोपात जन्मलो, अशी त्यांची धारणा होती. कोणी विदेशी म्हटलेले त्यांना रुचत नसे.

लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीला दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. सावित्रीबाईंनी प्रत्येक नव्या ठिकाणी शिक्षणाची संधी शोधली. पतीची नेमणूक पाटणा येथे असताना त्यांनी पाटणा विद्यापीठात संस्कृत नाट्य, वेदान्त, उपनिषदे आणि हिंदू धर्म या विषयांचा अभ्यास केला. पुराणे त्यांनी मुळातून वाचली. रामकृष्ण मिशनशी त्यांचा संबंधही याच ओढीतून आला. पंधरा वर्षांच्या या अभ्यासाचा उपयोग पुढे एका सरकारी कामासाठी होईल, याची त्यांना तेव्हा कल्पना असण्याचे कारण नव्हते.

नव्या राष्ट्राचे नवे सन्मान

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि अवघ्या दोन महिन्यांत भारतीय सैन्याला काश्मीरमध्ये युद्धास सामोरे जावे लागले. रणांगणावर सैनिक पराक्रम गाजवीत होते, परंतु त्यांचा गौरव करण्यासाठी स्वतंत्र भारताचे स्वतःचे एकही शौर्यपदक नव्हते. तोपर्यंतचा सर्वोच्च सन्मान व्हिक्टोरिया क्रॉस हा होता. १८५६ मध्ये सुरू झालेल्या या सन्मानासाठी भारतीय सैनिकांना पात्र ठरविण्यात आले ते १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी.

भारतीय जवानांनी हा क्रॉस दोन्ही महायुद्धांत मिळविला. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोन वीर होते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठच्या लढाईत जखमी सहकाऱ्यांना माघारी आणून शत्रूची मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली आणि तोच सन्मान मिळविला. या वीरांच्या पराक्रमाविषयी कोणालाही शंका नव्हती. मात्र ब्रिटनच्या राणीचे नाव आणि ब्रिटिश राजमुकुट धारण करणारे पदक स्वतंत्र राष्ट्राने पुढे चालविणे शक्य नव्हते.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी नव्या शौर्य पुरस्कारांची जबाबदारी अ‍ॅडज्युटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर सोपविली. तीन श्रेणींच्या पुरस्कारांची योजना आखण्यात आली. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र अशी त्यांची नावे निश्चित झाली. भारत त्या वेळी वसाहतीचे स्वराज्य या दर्जाचा देश होता आणि कायदेशीरदृष्ट्या राजा सहावा जॉर्ज हाच राष्ट्रप्रमुख होता. त्यामुळे राजाच्या सनदेने हे पुरस्कार सुरू करावेत असा विचार प्रारंभी झाला आणि तसा मसुदाही तयार करण्यात आला. परंतु प्रजासत्ताकाची घोषणा दृष्टिपथात आल्यावर हा मार्ग सोडून देण्यात आला. अखेर २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, तिन्ही पुरस्कार अस्तित्वात आले. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी ते पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले. काश्मीरच्या रणभूमीवर ज्यांनी प्राण दिले, त्यांचा विसर पडू नये, हा त्यामागील हेतू होता.

दधीची ऋषींची कथा

पदकाचे रूप कसे असावे, हा प्रश्न अटल यांच्यासमोर होता. रूप भारतीय हवे, त्याच वेळी ते सर्व धर्मांच्या आणि प्रांतांच्या सैनिकांना आपले वाटायला हवे होते. पदक आकाराने लहान असते. त्यावर कथा सांगता येत नाही, फार तर तिची खूण उमटविता येते. त्यासाठी चित्रकलेची जाण आणि प्राचीन वाङ्मयाचा सखोल व्यासंग या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी असणे आवश्यक होते. अटल यांना सहकारी अधिकारी खानोलकर यांच्या पत्नीची आठवण झाली आणि त्यांनी हे काम सावित्रीबाईंकडे दिले.

सावित्रीबाईंनी दधीची ऋषींची कथा निवडली. वृत्र नावाच्या असुराने देवांना जेरीस आणले होते. त्याला कोणत्याही ज्ञात शस्त्राने मरण नव्हते. दधीचींच्या अस्थींपासून घडविलेले शस्त्रच त्याचा वध करू शकेल, असे देवांना समजले. देवांनी ऋषींकडे याचना केली तेव्हा दधीचींनी योगबलाने देहत्याग केला आणि आपल्या अस्थी त्यांच्या स्वाधीन केल्या. त्या अस्थींचे वज्र घडविण्यात आले आणि इंद्राने त्याच्या साह्याने वृत्राचा संहार केला.

या कथेची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. पुराणांत पराक्रमी योद्ध्यांची वाण नाही. अर्जुन, भीष्म, कर्ण यांच्यापैकी कोणाचेही धनुष्य पदकावर घेता आले असते. दधीची हे योद्धे नव्हते. त्यांनी कोणावर शस्त्र उचलले नाही आणि विजयात त्यांना वाटाही मिळाला नाही. इतरांच्या रक्षणासाठी त्यांनी स्वतःचा देह दिला. परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर देण्यात आला, ही वस्तुस्थिती पाहता या कथेचे औचित्य अधिकच जाणवते.

परमवीर चक्र हे कांस्य धातूचे, वर्तुळाकार आणि ३५ मिलिमीटर व्यासाचे पदक आहे. मध्यभागी अशोकस्तंभावरील सिंहांचे राजचिन्ह असून त्याच्या चारही बाजूंना इंद्राच्या वज्राच्या प्रतिकृती आहेत. मागील बाजूस परमवीर चक्र ही अक्षरे हिंदी व इंग्रजी भाषांत असून त्यांच्या दरम्यान दोन कमळे कोरलेली आहेत. पदक फिरत्या दांडीला अडकविलेले असते आणि ते गडद जांभळ्या रंगाच्या, ३२ मिलिमीटर रुंदीच्या साध्या फितीवर धारण केले जाते. वज्राच्या दोन्ही अंगांना छत्रपती शिवाजी महाराजांच्या भवानी तलवारीची आकृती सावित्रीबाईंनी योजली होती, असेही या पदकाविषयीच्या अनेक लेखांतून सांगितले जाते. अधिकृत वर्णनात मात्र केवळ वज्राचा उल्लेख आढळतो.

सर्वोच्च सन्मान सोन्याचा किंवा रुप्याचा नसून साध्या कांस्याचा आहे, हेही लक्षणीय आहे. त्याखालोखालची महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके रुप्याची आहेत. या दोन्ही पदकांची रचना सावित्रीबाईंचीच. युद्धाव्यतिरिक्त दाखविलेल्या शौर्यासाठी १९५२ मध्ये अशोक चक्र तीन वर्गांत सुरू करण्यात आले. १९६७ मध्ये या वर्गांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे देण्यात आली. या मालिकेच्या आराखड्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. म्हणजेच प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपतींच्या वतीने जाहीर होणाऱ्या प्रमुख शौर्य पुरस्कारांपैकी बहुतेकांवर या एकाच व्यक्तीच्या कल्पनेची छाप आहे.

पहिले मानकरी आणि एक योगायोग

परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा यांचा जन्म ३१ जानेवारी १९२३ रोजी आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात झाला. कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये ते अधिकारी होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांच्या तुकडीला श्रीनगरला जाण्याचा आदेश मिळाला, तेव्हा हॉकी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तरीही आपल्या कंपनीबरोबर जाण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य झाला.

३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळील बडगाम येथे त्यांच्या कंपनीवर सुमारे ७०० हल्लेखोरांनी तीन बाजूंनी हल्ला चढविला. विमानतळ हातचा गेला असता तर काश्मीर खोऱ्यात कुमक उतरविण्याचा मार्गच बंद झाला असता. मेजर शर्मा गोळीबारात एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे धावत जवानांना धीर देत राहिले. प्लास्टरमधील हाताने ते मशीनगनसाठी काडतुसे भरून देत होते. एक इंचही मागे न हटता अखेरच्या गोळीपर्यंत लढण्याचा आपला निर्धार त्यांनी ब्रिगेड मुख्यालयास कळविला. त्यानंतर थोड्याच वेळात जवळच्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडून झालेल्या स्फोटात ते धारातीर्थी पडले. त्यांचे वय २४ वर्षांचे होते. त्यांच्या कंपनीने हल्लेखोरांना सुमारे सहा तास रोखून धरले. तेवढ्या अवधीत नव्या तुकड्या पोहोचू शकल्या आणि विमानतळ बचावला.

पुढे एक विलक्षण योगायोग घडला. सोमनाथ यांचे बंधू सुरिंदरनाथ शर्मा, जे नंतर लेफ्टनंट जनरल झाले, यांच्याशी सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचा विवाह झाला. ज्या पदकाची रेखाटने खानोलकरांच्या घरात झाली, त्याच्या पहिल्या मानकऱ्याचे कुटुंब अशा रीतीने त्यांचे सोयरे झाले. सोमनाथ यांचे दुसरे बंधू जनरल विश्वनाथ शर्मा हे १९८८ ते १९९० या काळात लष्करप्रमुख होते.

कारवारचे राणे

पहिल्या पाच मानकऱ्यांत कोकण किनाऱ्यावरील एका सुपुत्राचाही समावेश आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिया येथे झाला. हा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. खडकी येथे केंद्र असलेल्या बाँबे सॅपर्स या अभियंता दलात ते कार्यरत होते.

एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती आणि पूल उडविले होते. रणगाड्यांना पुढे नेण्यासाठी हा मार्ग मोकळा करण्याची कामगिरी राणे यांच्याकडे होती. ८ एप्रिल रोजी काम सुरू होताच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान मृत्युमुखी पडले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. जखमेवर पट्टी बांधून त्यांनी काम पुढे चालू ठेवले. एका प्रसंगी ते आघाडीच्या रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या बरोबरीने सरपटत पुढे सरकले. रणगाड्याच्या चालकाला थांबण्याची व चालण्याची खूण देण्यासाठी त्यांनी दोरांचा उपयोग केला. ११ एप्रिलपर्यंत, जवळजवळ अखंडपणे, हे काम चालले. राजौरीचा मार्ग खुला झाला आणि तेथील असंख्य नागरिकांचे प्राण वाचले.

राणे यांनी या मोहिमेत शत्रूवर चाल करून जाण्यापेक्षा सुरुंग काढणे, दगड उचलणे आणि वळणरस्ते तयार करणे हेच काम प्राधान्याने केले. शौर्याची व्याख्या किती व्यापक आहे, हे या सन्मानाने आरंभीच दाखवून दिले. परमवीर चक्र हयातीत मिळविणाऱ्या मोजक्या सात जणांपैकी ते एक होत. १९६८ मध्ये ते मेजर पदावरून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

एकवीस नावे

कारगिलच्या १९९९ च्या युद्धापर्यंत एकूण २१ वीरांना परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. त्यांपैकी २० भूदलाचे असून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों हे हवाई दलाचे एकमेव मानकरी आहेत. १९४७-४८ च्या युद्धात ५, १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या काँगोतील मोहिमेत १, १९६२ च्या युद्धात ३, १९६५ मध्ये २, १९७१ मध्ये ४, १९८७ मध्ये सियाचिन आणि श्रीलंकेतील मोहिमांत प्रत्येकी १ आणि कारगिलमध्ये ४ अशी ही विभागणी आहे.

या यादीतील सर्वांत वरच्या हुद्द्याचे अधिकारी म्हणजे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या तारापोर यांनी १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स या रेजिमेंटचे नेतृत्व केले आणि १६ सप्टेंबर रोजी वीरमरण पत्करले. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या रणगाडा युद्धात धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म पुण्याचा आणि वय अवघे २१ वर्षांचे होते. याच यादीत क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, लान्स नाईक अल्बर्ट एक्का, रायफलमन संजय कुमार आणि ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आहेत. हुद्दा, धर्म, जात वा प्रांत यांचा भेद या सन्मानाला नाही. सर्वांना आपले वाटेल असे पदक घडविण्याची सावित्रीबाईंवरील जबाबदारी कितपत सफल झाली, याचे उत्तर या नावांतच आहे.

हाच पराक्रम दुसऱ्यांदा गाजविल्यास फितीवर वज्राची लहान प्रतिकृती असलेली पट्टी लावण्याची तरतूद नियमांत आहे. ही पट्टी आजवर कोणालाही देण्यात आलेली नाही.

उत्तरायुष्य

फाळणीनंतर देशात आलेल्या निर्वासितांच्या आणि युद्धात बळी पडलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी सावित्रीबाईंनी पुष्कळ काम केले. रणांगणावरील मृत्यूची तार घरी आल्यानंतर त्या घराचे काय होते, हे त्यांनी छावण्यांतून जवळून पाहिले होते. पदकाबरोबर येणारा सन्मान त्या घराची गरज भागवू शकत नाही, याची जाणीव पदकाच्या रचनाकर्तीला होती.

१९५२ मध्ये त्यांच्यावरच आघात झाला. मेजर जनरल पदापर्यंत पोहोचलेले विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. विवाहाला वीस वर्षे झाली होती आणि सावित्रीबाई जेमतेम ३९ वर्षांच्या होत्या. ज्या व्यक्तीसाठी त्यांनी माहेर, देश आणि नाव सोडले होते, ती व्यक्तीच आता नव्हती. स्वित्झर्लंडला परत जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्या गेल्या नाहीत. त्यांनी अध्यात्माचा आधार घेतला आणि रामकृष्ण मिशनच्या कार्यात स्वतःला गुंतवून घेतले.

याच काळात त्यांनी लेखनही केले. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला. संस्कृत नावांचा कोशही त्यांच्या नावावर आहे. ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम या परंपरेचा परिचय इतर प्रांतांतील आणि परदेशांतील वाचकांना करून देताना त्या एका अर्थाने सासरचीच ओळख जगाला सांगत होत्या. ज्या भाषेचा गंधही त्यांना वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत नव्हता, त्या भाषेतील संतवाङ्मय त्यांनी आपले मानले होते. २६ नोव्हेंबर १९९० रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी सावित्रीबाईंचे निधन झाले.

नाव आणि खूण

गेल्या काही वर्षांत परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची स्मृती जपण्याचे मोठे प्रयत्न झाले. १९८८ मध्ये चेतन आनंद यांनी दूरदर्शनसाठी या वीरांवर मालिका तयार केली. नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील परम योद्धा स्थळावर सर्व २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान आणि निकोबारमधील २१ बेटांना त्यांची नावे देण्यात आली.

पदक घडविणाऱ्या सावित्रीबाईंच्या वाट्याला अशी प्रसिद्धी आली नाही. लष्करी इतिहासाचे अभ्यासक आणि काही पत्रकार यांच्या लेखनामुळे त्यांचे नाव अलीकडे अधिक लोकांपर्यंत पोहोचू लागले आहे. नागरिकत्व जन्माने मिळते, कायद्याने मिळते. त्यापलीकडे जाऊन ते अभ्यासाने आणि निष्ठेनेही मिळविता येते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. स्वतंत्र भारताने आपल्या सर्वोच्च शौर्यचिन्हासाठी युरोपात जन्मलेल्या महिलेवर विश्वास टाकला आणि तिने देशाला त्याच्याच पुराणातील एक जवळजवळ विस्मृतीत गेलेला ऋषी परत दिला.

आर. के. पुरम या आद्याक्षरांचे पूर्ण रूप रामकृष्णपुरम असे आहे. ज्या संतपुरुषाच्या नावाने चालणाऱ्या मिशनमध्ये सावित्रीबाईंना आयुष्याच्या उत्तरार्धात आधार मिळाला, त्याच्या नावाची आठवण ही वसाहत करून देते. तेथील मेजर सोमनाथ मार्गावरून जाणाऱ्या बसमधील प्रवाशांना सावित्रीबाईंच्या नावाची पाटी कोठे दिसणार नाही. मात्र दरवर्षी २६ जानेवारीला कर्तव्यपथावरील संचलनात परमवीर चक्राचे हयात मानकरी जेव्हा उघड्या जीपमधून राष्ट्रपतींना मानवंदना देतात, तेव्हा त्यांच्या छातीवरील जांभळ्या फितीखाली त्यांनी रेखाटलेले चार वज्र सर्वांच्या दृष्टीस पडतात.